माळवस्तीची मिटलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. उमरग्याच्या एका दूध संघाच्या गोदामात, पोचे पडलेल्या कॅनच्या मागे, पोत्यावर मला ठेवले आहे. माझा पडदा काळा पडला आहे. बटणांवरची अक्षरे पुसली गेली आहेत. पाठीमागच्या जाळीत पालीने घर केले आहे. जुन्या वस्तूचे असे व्हायचेच, त्याचे मला फार दुःख नाही. एका उन्हाळ्यात माझ्या पोटात चौदा घरे मिटून राहिली आणि त्यांचे पाणी तुटले, त्याचे दुःख मात्र अजून जात नाही. तेच तुम्हाला सांगतो.

मी इथे आलो एकोणीसशे शहाऐंशी साली. पेंढ्यात गुंडाळून, ट्रकमधून आणले मला. संघाच्या कचेरीत माझ्यासाठी वेगळी खोली केली होती. दाराला पडदा, खिडकीत कूलर. पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला, आणि कुणीतरी माझ्या कपाळी कुंकूही लावले. ते कितीतरी दिवस पडद्याच्या कडेला तसेच होते. बाहेर चपला काढून लोक मला पाहायला येत. त्या वेळी मला मराठी अक्षरे येत नव्हती. सभासदांची नावे इंग्रजी अक्षरांत, हिरव्या रंगात माझ्यावर उमटत. आपले नाव असे उजळलेले पाहून म्हातारी माणसे हसत.

ही नावे माझ्यात घातली तारामतीने. ती तेर गावची. वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडली, त्यात त्यांच्या एका डोळ्यात कपची गेली. त्याच डोळ्याने रडत त्यांनी पोरीला उस्मानाबादेत टायपिंगला घातले, असे ती सांगे. गावातल्या बौद्ध घरांतली ती पहिली नोकरदार मुलगी. तिच्या पगारावर तेरचे घर चाले. एकसष्ट गावे, त्यांच्या वस्त्या, वस्त्यांतली घरे, घरातली माणसे आणि जनावरे, असे सगळे तिने दोन महिने बसून टाइप केले. तेवीसशे घरे झाली.

अडचण अशी होती की माझ्या पडद्यावर एका वेळी जेमतेम चोवीस ओळी मावत. शेवटचे गाव पाहायचे तर तारामतीला एकच बटण शंभर वेळा दाबावे लागे. संघाचे सचिव आबाराव तिच्या खुर्चीमागे उभे राहून घड्याळ पाहत.

"बाई, मला गावं दाखवा. नावं नंतर बघू."

सोलापूरहून महारुद्र नावाचा तरुण माझे काम पाहायला महिन्यातून एकदा येई. माझ्या पोटातली सगळी कामे त्यानेच लिहिली होती. तारामती त्याला म्हणाली, "गावाच्या नावाखाली त्या गावची माणसं गाठोड्यासारखी बांधून ठेवता येतील का? पाहिजे तेव्हा गाठ सोडायची, नको तेव्हा परत बांधायची."

महारुद्र हसला, पण कल्पना त्याला आवडली. तीन दिवस तो माझ्यासमोर बसून होता. तिसऱ्या दिवशी प्रत्येक गावाच्या नावापुढे अधिकाची एक छोटी खूण आली. बटण दाबले की खुणेखालून वस्त्या बाहेर पडत. वस्तीवर दाबले की घरे बाहेर पडत. पुन्हा दाबले की सगळे आत. तेवीसशे घरांची यादी एकसष्ट ओळींत बसली! कोणती वस्ती उघडी होती आणि कोणती मिटलेली, हेही मी लक्षात ठेवी. दुसऱ्या दिवशी चालू केले की सगळे जसेच्या तसे.

शेजारच्या संघांतली माणसे हे पाहायला आली. आबाराव स्वतः बटण दाबून दाखवत. गाव मिटले की "बघा, गेलं!" म्हणत आणि उघडले की "बघा, आलं!" मलाही अभिमान वाटला, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. सत्त्याऐंशीचा उन्हाळा लागला तेव्हा विहिरी तळाला गेल्या होत्या. संघात रोज अठरा हजार लिटर दूध यायचे, ते तीन हजारांवर आले. दुधाचे टँकर अंगणात उभे राहिले. तेव्हा संघाने ठरवले, की ज्या सभासदांनी इतकी वर्षे दूध घातले त्यांच्या वस्त्यांवर याच टँकरने पाणी पोचवायचे. निर्णय चांगला होता. आबारावांनी त्यासाठी तालुक्याला खेटे घातले होते.

दर सोमवारी तारामती माझ्याकडून यादी छापून घेई. कुठल्या वस्तीवर किती घरे, किती माणसे, किती जनावरे. तो कागद मच्छिंद्र ड्रायव्हरच्या हाती जाई, आणि कागदात असेल तिथे टँकर जाई. काही वस्त्या उन्हाळ्यात उठून गेल्या होत्या. कुणी पुण्याकडे, कुणी हैदराबादेकडे. तिथली घरे तारामती यादीतून काढी, वस्तीचे नाव तेवढे ठेवी. कागदावर वस्तीचे नाव आहे आणि खाली काहीच नाही, म्हणजे माणसे जगायला गेली, हे मच्छिंद्रला पाठ झाले होते.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी तालुक्याचे अधिकारी कचेरीत आले. त्यांना दाखवायला तारामतीने सगळ्या वस्त्या मिटल्या, सगळी गावे मिटली. बैठक लांबली. दोन वाजता वीज जायची होती आणि त्याआधी यादी छापायची होती. अधिकारी उठताच ती घाईने एकेक गाठ सोडू लागली. हिंगणवाडी उघडली. तिच्या खाली तीन वस्त्या होत्या. दोन तिने उघडल्या. तिसरी माळवस्ती. तेवढ्यात आबारावांनी बाहेरून हाक मारली, ती "आले साहेब" म्हणून वळली, आणि परत आली ती पुढच्या गावावर.

माळवस्ती मिटलेलीच राहिली.

पडद्यावर जे उघडे आहे तेवढेच छापायचे, असे मला सांगितलेले होते. महारुद्रच्या ते ध्यानातच आले नव्हते, कारण त्याने तपासले तेव्हा सगळे उघडे होते. मी छापले. माळवस्तीचे नाव आणि खाली कोरा कागद. चौदा घरे माझ्या आत होती, मला ती ठाऊक होती. पण विचारल्याशिवाय बोलायची सोय माझ्यात नव्हती. वीज गेली. मच्छिंद्र कागद घेऊन निघाला, आणि माळावर जाणाऱ्या दगडी वाटेला त्याने टँकर वळवलाच नाही.

पुढच्या सोमवारीही तेच झाले. मिटलेले मिटलेले ठेवायचे, हे मी इमानाने लक्षात ठेवले होते.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, साडेअकराच्या सुमाराला एक बाई कचेरीत आली. साठीच्या आसपासची. डोक्यावर पदर, काखेत रिकामी घागर, पाय धुळीने पांढरे. नऊ मैल चालून आली होती. शिपाई तेव्हा माझ्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी ओतत होता. रोज दोन घागरी लागत. ती दारातच थांबली.

"हे पाणी कुणाला?" तिने विचारले.

"मशिनीला," शिपाई म्हणाला. "तिला गरमी सोसत न्हाय."

 कूलरच्या बुडातून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होते, तिकडे बाई पाहत राहिली. मित्रांनो, लाज म्हणजे काय ते मला त्या घटकेला कळले.

आबाराव बाहेर आले. "काय पाहिजे बाई?"

"म्या केशरबाई. हिंगणवाडीच्या माळवस्तीवरची. आमचा टँकर का बंद केला, साहेब?"

"बंद कुणी केला? तुमची वस्ती उठून गेली असं आहे कागदावर."

"उठून? कुठं जावं आमी? म्या ह्या पायांनी आत्ता तिथनंच आले की."

"मग गावात येतो ना टँकर. तिथून घ्यायचं."

"गावात गेलं की म्हंत्यात, तुमचं येगळं लिवलंय, तुमचं तिकडं येतंय. आमाला घागर टेकू देत न्हाईत. आन् तिकडं तर काईच येत न्हाय." तिचा आवाज चढला नव्हता. जणू चढवायला जोरच नव्हता. "आमी मेलो म्हून लिवलंय का?"

तारामती उठली. तिने माठातले पाणी तांब्यात घेऊन केशरबाईला दिले. केशरबाई अर्धा तांब्या प्याली आणि उरलेला तिने आपल्या घागरीत ओतला.

मग तारामती माझ्यापुढे बसली. हिंगणवाडी उघडली. माळवस्तीच्या ओळीवर आली. तिची बोटे थांबली. तिने नावापुढच्या अधिकाच्या खुणेकडे पाहिले. तिने बटण दाबले. चौदा नावे एकाखाली एक हिरवी उजळली.

"साहेब," ती म्हणाली, "घरं आहेत. सगळी आहेत. मिटली होती."

केशरबाई जवळ आली. तिला वाचता येत नव्हते. "वाच माय," ती म्हणाली, "कुणाकुणाची नावं हायेत तिच्यात."

"मथुराबाई."

"हाय."

"बलभीम."

"हाय. पोरगी तापलीय त्याची."

"हरणाबाई."

"हाय. डोळ्यांनी दिसंना झालंय, पर हाय."

"पिराजी."

 बाहेर कुणाची तरी सायकल वाजली.

"पुढचं वाच," केशरबाई म्हणाली.

"मावशी, पिराजी?"

"मंगळवारी गेलं. वढ्यात झिरा खांदलाय आमी. पाणी साचंपतुर बसावं लागतंय, मग वाटी वाटीनं भरायचं. उनात बसलं हुतं सकाळधरनं. घागर अर्धी झाली हुती."

"तुमचे कोण लागत होते?"

"मालक."

तारामतीने यादी पुन्हा वरून खाली पाहिली. "तुमचं नाव नाही यात."

"माजं कशाला आसंल? त्यांच्यातच म्या."

उरलेली दहा नावे तारामतीने वाचली.  केशरबाई प्रत्येकाला "हाय" म्हणाली. दोन म्हशी गेल्या होत्या, त्याही तिने सांगितल्या. यादी संपली तेव्हा तारामती उठली आणि तिने कूलर बंद केला. त्यानंतर त्या उन्हाळ्यात तो पुन्हा चालला नाही. मी तापे, अधूनमधून पडदा थरथरे, पण चाललो.

आबारावांनी तारामतीला आपल्या खोलीत बोलावले. मधली भिंत फळ्यांची होती, मला सगळे ऐकू आले. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. ते घाबरले होते.

"बाई, एक कागद करा. वस्ती स्थलांतरित होती, आज परत आली. एवढंच लिहा."

"साहेब, वस्ती जागेवर होती."

"मला कळतं. पण चौकशी लागली तर टँकरच बंद पडतील. मग एकसष्ट गावं काय पितील? तुमची नोकरी जाईल, माझी जाईल. तेरला तुमचे आई-वडील आहेत ना?"

 तारामती उभी राहिली, तिच्या बांगड्या वाजलेल्या मी ऐकल्या. 

"साहेब, त्या बाईनं नवरा पुरला. आणि मी लिहू की ते तिथं नव्हतेच?"

तिने कागद केला. स्वतःच्या अक्षरात. 'माळवस्तीतील चौदा घरे हजर होती. यादी मिटलेली राहिली, ती माझ्या हातून. मी ती तपासली नाही.' खाली सही. आबारावांनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि फाडला नाही. एवढे त्यांच्याबद्दल सांगितले पाहिजे.

त्या दुपारी टँकर माळवस्तीला गेला. तारामती आणि केशरबाई ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या. मी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र कचेरीत येऊन शिपायाला सांगत होता ते ऐकले.

"आमी गेलो तर कुणी पळत आलं न्हाय बग. एरवी टँकर बगितला की लोकं अंगावर येत्यात. तितं समदी सावलीला पडून. आन् वाटंच्या कडंला भांडी. घागरी, कळश्या, पातेली, समदी रांगंनं लावून ठिवलेली. अकरा दिस तशीच, गड्या. धूळ साचलीती त्यात. म्या रोज त्याच फाट्यावरनं जात हुतो. एक डाव वळून बगितलं आस्तं तर..." 

शनिवारी महारुद्र सोलापूरच्या एसटीने आला. तारामतीने त्याला सगळे सांगितले. तो कितीतरी वेळ माझ्या बटणांवर नुसते हात ठेवून बसला.

"काय मिटलंय ते लक्षात ठेवायला मीच शिकवलं याला," तो म्हणाला. "सोय म्हणून."

"आता हे शिकवा," तारामती म्हणाली. "वस्ती मिटलेली असली तरी आत किती घरं आणि किती माणसं, ते बाहेर ओळीवर दिसलं पाहिजे. आणि छापताना कुणी काही मिटलेलं असलं तरी कागदावर सगळं उघडं आलं पाहिजे."

"ओळी भरून जातील, ताई. पडदा गचाळ दिसेल. कागदही तिप्पट लागेल."

"दिसू दे गचाळ."

त्याने दोन दिवसांत काम केले. तारामतीने पहिल्याप्रथम माळवस्तीच्या चौथ्या घरावर जाऊन पिराजीचे नाव पुसले आणि तिथे केशरबाई असे लिहिले. मग वस्ती मिटली. ओळीवर आकडे आले: चौदा घरे, एकाहत्तर माणसे. तिने वस्ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिची खात्री होत नव्हती. यादीच्या वरच्या कोपऱ्यात तिने महारुद्रकडून आणखी एक ओळ कायमची छापली जाण्याची सोय करून घेतली: वस्ती रिकामी दिसल्यास समक्ष जाऊन पाहणे व सही करणे.

मेअखेर तारामतीची बदली झाली. जळकोटच्या दूध संकलन केंद्रावर, दुधाचे माप घ्यायला. शिक्षा कुणी म्हटले नाही, पण सगळ्यांना कळले. जाताना तिने फडक्याने माझा पडदा पुसला. तिच्या जागी दुसरे कुणी बसले, आणि त्यानंतर मला कुणी 'गाठोडी सोड' असे म्हटले नाही.

तुम्हाला वाटेल, चूक सुधारली, आता सगळे नीट झाले असेल. तसे झाले नाही. जूनमध्ये ढग आले आणि गेले. टँकर आठवड्यातून दोनदाच निघू लागला, कारण भरून घ्यायची विहीरच आटत चालली. माळवस्तीच्या ओळीवर चौदाचे अकरा झाले. जुलैत सहा. कुणी पुण्याकडे निघाले, कुणी नातेवाइकांकडे. हरणाबाईला पाठीवर घेऊन बलभीमचे बिऱ्हाड हैदराबादच्या गाडीत चढले, असे मच्छिंद्र म्हणाला. मला आता खरे आकडे दाखवता येत होते. दाखवण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. आकडा कमी व्हायचा आणि मी तो उजळून दाखवायचो.

ऑगस्टात माळवस्तीच्या ओळीवर एक घर उरले, एक माणूस. केशरबाई. एका बाईसाठी सबंध टँकर दगडी वाटेने चढत असे. कुणीतरी आबारावांना म्हणाले, एवढं डिझेल कशाला जाळायचं? आबाराव म्हणाले, "ओळीवर एक आहे ना? मग जायचं."

आणि एका सोमवारी त्या ओळीवर शून्य आले. नवीन बसलेल्या माणसाने कुणाच्या तरी सांगण्यावरून ते घर काढले होते. मच्छिंद्रने कागद हातात घेतला, वरच्या कोपऱ्यातली ओळ वाचली आणि टँकर माळावर नेला. तिथे कुणी नव्हते, असे त्याने परत येऊन सांगितले. केशरबाईच्या दाराची कडी सुतळीने बांधलेली होती. आत चूल सारवलेली होती. तो सगळ्या चौदा दारांशी जाऊन आला, प्रत्येक दारात हाक मारली, आणि मग संध्याकाळी कागदावर सही केली: पाहून आलो. खरोखर कुणी नाही. ती कुठे गेली ते मला आजवर कळलेले नाही.

पुढे नवी यंत्रे आली, रंगीत पडद्याची, मराठी लिहिणारी. मला गोदामात ठेवले. येत्या आठवड्यात भंगारवाला येणार आहे असे ऐकतो. म्हणून तुम्हाला हे सांगून टाकले.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठे होऊन यंत्रे कराल, काही जण कचेऱ्यांत याद्या लिहाल. याद्या मिटायला माझी हरकत नाही. एवढे सगळे एकदम माणसाच्या डोळ्यांत मावत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. पण मिटताना आत किती जण आहेत, ते वर लिहून ठेवा. आणि एखादी ओळ रिकामी दिसली, तर यंत्राला विचारून थांबू नका. उठा, चपला घाला आणि जाऊन पाहा. कुणीतरी वाटेच्या कडेला भांडी लावून बसले असेल.